वाचून दाखवायच्या आधी फाडलेला कागद

सिद्धा,

तीस वर्षांत माझ्या हातून उतरलेला हा पहिला कागद, ज्याच्या माथ्यावर कोणत्याही कार्यालयाचे नाव नाही. तहसीलदारास काय लिहावे, वनमंडळाच्या साहेबास काय, शाळेच्या मुख्याध्यापकास काय, हे या बालाघाटात माझ्याइतके कोणास ठाऊक नाही. असे मी म्हणतो आणि आजवर ते कोणी खोडलेले नाही. तुला मात्र काय म्हणून हाक मारावी यावर सकाळपासून तीन कागद वाया गेले. ‘माननीय’ लिहिले असते तर तू बाकावर पाय घेऊन हसला असतास. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावायचे ‘कालकथित’ लिहायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणून नुसते सिद्धा.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळे बोलले. मलाही उभे केले. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी मोठ्याने वाचून दाखवतो, त्याच्या तोंडून एक वाक्य निघाले नाही. या हिंदी मुलखातील आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दोन पाने तुझ्यासाठी राखली आहेत. तुझा जन्म, शिक्षण, पुण्यातील नोकरी हे सारे तुझी बहीण सुनीता लिहून देणार आहे. माझ्याजवळ जे आहे ते कालपर्यंत तिलाही ठाऊक नव्हते. ते आधी तुला सांगायला हवे होते, आणि तेवढेच आता होण्यासारखे नाही.

पुण्याची नोकरी सोडून तू आईजवळ परत आलास, गच्चीवरच्या खोलीत संगणक मांडलास आणि एक दिवस कचेरीसमोर मी अर्ज लिहितो त्या पत्र्याखाली येऊन पक्षकारांच्या बाकावर बसलास. शाळेत आपण एकाच बाकावर होतो. दहावीत गणिताने आणि इंग्रजीने मला तिथेच ठेवले व तुला पुढे नेले. ही गोष्ट आपण दोघांनी कधी उच्चारली नाही, हा तुझा मोठेपणा आणि माझाही.

“काय मुन्शी, एक काम हाये तुझ्याजोगं.”

“अर्ज कोणाच्या नावानं?”

“अर्ज नाई बे. पुस्तक लिवाचं हाये. माझ्या मशीनचं.”

तुझे मशीन म्हणजे लोखंडाचे यंत्र नव्हे, हे समजण्यास मला आठ दिवस लागले. संगणकाला काम सांगण्याची एक लहानशी भाषा, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेली. त्या भाषेत कोणी हिशेबाचा, कोणी चित्रांचा, कोणी तारखा जुळवण्याचा तयार तुकडा लिहून ठेवतो. त्याला तुम्ही पॅकेज म्हणता. दुसऱ्याने ते उचलून आपल्या कामात जोडावे. ते चालायला आणखी कोणती पॅकेजे लागतात, ती कोठून आणायची, खरी कोणती आणि बनावट कोणती, हे सारे आपोआप पाहणारी व्यवस्था तू लिहीत होतास. व्यवस्था तयार होती, पण ती कशी वापरावी हे सांगणारी पुस्तिका नव्हती. जी होती ती तू लिहिलेली होती आणि तुझ्याशिवाय कोणास समजत नव्हती. इथल्या पॉलिटेक्निकमधील आणि तिकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या पोरांना ती आपल्या भाषेत वाचता यावी, हा तुझा हट्ट.

“पण मले त्यातलं ओ की ठो समजत नाई,” मी म्हणालो.

“म्हणून त आलो. तू ज्या जमिनीचा अर्ज लिवतं, ते जमीन पाह्यली का कधी?”

“नाई.”

“तरी तिच्या चारी सीमा बरोबर लिवतं ना? बस. तसंच लिव.”

मी ते कौतुक म्हणून घेतले. न पाहिलेली जमीन, न भोगलेले दुःख, न समजलेला कायदा, हे सारे सुवाच्य अक्षरात निर्दोष उतरवून देणे हाच माझा पेशा आणि हाच माझा अभिमान. तुझ्या त्या वाक्यात माझा आजचा अपराधही होता. तेव्हा तो तुलाही दिसला नाही, मलाही नाही.

त्याच दिवशी बैहरकडची एक म्हातारी जीपमधून उतरून आली होती. तिला नातवाचा जातीचा दाखला हवा होता. दाखल्याला मुलाच्या बापाची शाळेची नोंद हवी, ती नोंद लामत्याच्या शाळेत, शाळेला अर्जासोबत रहिवासी दाखला हवा, रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड हवे. मी बोटांवर मोजत होतो आणि ती म्हणाली, “बाबू, कागज के लिए कागज, फिर उस कागज के लिए कागज. असली कागज कौन-सा है?”

तू बाकावरून उठलास. “हेच! मुन्शी, हेच करते माझं मशीन! एक पॅकेज मागितलं का त्याच्या मागचं, त्याच्या मागचं, सारं आणून देते.”

“आन् रेशनकार्डाले रहिवासी दाखला मांगतला, आन् रहिवासीले रेशनकार्ड, त?”

“त मशीन थांबते. त्याले चक्र म्हणतो आम्ही.”

“आमचं थांबत नाई,” मी म्हणालो. “आम्ही प्रतिज्ञापत्र जोडतो.”

तू इतका हसलास की म्हातारीही हसू लागली. ‘एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजे’ हे प्रकरण मी त्या म्हातारीच्या दाखल्यापासून सुरू केले. तू त्याचे इंग्रजी करून ते या भाषेवर काम करणाऱ्या तुझ्या सोबत्यांना पाठवलेस आणि त्यांच्यापैकी कोणीतरी दूरदेशातून कळवले की हा विषय इतका सरळ त्यांनी कोठे वाचला नव्हता. ते पत्र तू मला वाचून दाखवलेस. मी मान हलवली, जणू मला अपेक्षितच होते. घरी जाऊन ते बायकोला चार वेळा सांगितले.

आपले काम कसे चाले हे वाचणाऱ्यांना सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे त्यावर आहे. तू कच्चा मसुदा पेन्सिलीने लिहून आणायचास. मी तो पक्का करायचा. माझ्या उस्तादांनी मला या टेबलाचे दोन नियम दिले. पहिला असा की पक्का कागद पक्षकारास शब्दन्‌शब्द मोठ्याने वाचून दाखवावा आणि तो ‘कबूल’ म्हणाल्यावरच कच्चा मसुदा चार तुकडे करून चहावाल्याच्या भट्टीत टाकावा. दुसरा असा की कोणाचाही कच्चा मसुदा रात्रभर टेबलावर राहू नये. एकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती लागते. तीस वर्षे हे दोन नियम एकमेकांच्या आड कधी आले नाहीत. तूही ते पाळलेस. प्रत्येक पान मी वाचायचे, तू डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “हौ मुन्शी, कबूल.” मग कागद तू स्वतः भट्टीत टाकायचास आणि चहावाल्याला म्हणायचास, “घे, आजच्या चहात थोडं ज्ञान उकळ.”

कबूल न झालेला वाद एकच, किंवा दोन. पहिला ‘कृपया’चा. तुझे मशीन अडले की लाल अक्षरांत एवढेच म्हणे: ‘अयशस्वी’. मी म्हणालो की खिडकीवर जो बाबू नुसते ‘नाही’ म्हणतो तो नालायक बाबू. चांगला बाबू तीन गोष्टी सांगतो: तुम्ही काय मागितले, त्यात काय कमी आहे, आणि ते कोठे मिळेल. तीन ओळी. तुला ते पटले. पण तिसऱ्या ओळीच्या आरंभी ‘कृपया’ असावे यावर तू चार दिवस भांडलास.

“मशीन कृपया म्हणत नाई बे!”

“मशीन नाई म्हणत. लिवनारा म्हणते.”

“तुझ्या कृपयानं तीन अक्षरं वाढतात सगळीकडं.”

“वाढू दे. माणूस अडलेला असते तवा त्याले तीन अक्षरं जास्त लागतात.”

तू पेन्सिल खिशात घालून निघालास. कबूल म्हणाला नाहीस.

दुसरा वाद वारसाचा. साऱ्या पॅकेजांची एक यादी असते आणि ती खरी आहे अशी तिच्यावर राखणदाराची सही असते. शाईची नव्हे, एका गुप्त चावीने केलेली, जी ठरावीक दिवसांनी ताजी करावी लागते. राखणदार तू होतास. मी विचारले की राखणदार नसला तर? मी या हातांनी किती वारसांचे अर्ज लिहिले असतील. बाप गेला आणि सातव्या दिवशी भाऊ भावाला ओळखत नाही, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. म्हटले, एक प्रकरण वारसाचे पाहिजेच.

“अबे, तू मले मारून राह्यला का?”

“नियम सांगून राह्यलो.”

“सांगत राह्य. पुढच्या महिन्यात आणखी दोघाले चावी देतो. मग वारस न् फारस काई लागत नाई.”

“आन् तोवर काही झालं त? कोणाले अर्ज कराचा?”

“कोणालेच नाई,” तू मोठ्या समाधानाने म्हणालास. “तेच त हाये यात. शिफारस चालत नाई, वळख चालत नाई, साहेब नाई, बाबू नाई. चावी असन त उघडते, नसन त नाई. असं ऑफिस पाह्यलं का कधी?”

“अशा ऑफिसाले मी काय कामाचा?” मी म्हणालो.

आपण दोघे हसलो. मला आता त्या हसण्याची भीती वाटते.

तो शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास तू आलास, डोळे लाल, अंगावर शाल. बसला नाहीस. एक कागद पुढे केलास. “घे तुझं वारसाचं प्रकरण. जिंकला तू. पक्कं करून ठेव, मी सोमवारी येतो, मग सांगतो सारं.” मी म्हटले, बस, आताच उतरवतो. तू म्हणालास, “अंग मोडून राह्यलं रे. सोमवारी वाचून दाखव.” आणि गेलास. जाताना चहावाल्याला हात केलास.

जिंकल्याच्या आनंदात मी ते पान उतरवले. इतके सुंदर अक्षर माझेही क्वचित पडते. त्यात एक वाक्य होते: ‘मुख्य चावी हरवल्यास ती परत मिळवून देणारे बारा शब्द कागदावर लिहून एका विश्वासू माणसाकडे ठेवावेत.’ हे वाक्य मी लिहिले, सिद्धा. पूर्णविराम दिला. मग कागद उलटला. मागे तुझ्या पेन्सिलीने इंग्रजीत काही सुटे शब्द होते, एकाखाली एक, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. मी अक्षरे जुळवून त्यातले काही वाचले. पक्षकार पेन्सिल चालते की नाही हे पाहण्यासाठी मागच्या बाजूला असेच काहीबाही लिहितात. मला वाटले तेच.

मला त्या संध्याकाळी रामपायलीला भाच्याच्या साखरपुड्याला निघायचे होते, दोन दिवसांसाठी. कच्चा कागद टेबलावर रात्रभर राहू नये. वाचून दाखवल्याशिवाय फाडू नये. दोन्ही नियम पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहिले आणि निवड माझ्यावर आली. मी म्हटले, लिहिणारा मीच आहे, सिद्धाच्या मसुद्यात माझ्या हातून चूक व्हायची नाही. चार तुकडे केले आणि भट्टीत टाकले.

वाचून दाखवण्याचा नियम कशासाठी आहे, हे मी नव्या लेखकांना तीस वर्षे समजावत आलो: ऐकताना पक्षकारास ते आठवते जे कागदावर नाही. सोमवारी मी वाचले असते तर त्या वाक्यापाशी तू डोळे उघडून म्हणाला असतास, ‘आन् थे शब्द मागं हायेत.’ सोमवारी तुला गोंदियाच्या दवाखान्यात नेले होते. गुरुवारी नागपूरला. त्यापुढचे मी लिहीत नाही.

तू गेल्याच्या सहाव्या दिवशी सुनीता टेबलाशी आली. तिच्या पाठीवर तुझ्या संगणकाची पिशवी होती. तुझ्या सोबत्यांपैकी एका बाईंचा फोन आला होता. संगणकातली चावी तुझ्या परवलीच्या शब्दाशिवाय उघडणार नाही, ती परत मिळवून देणारे बारा शब्द कोठे लिहून ठेवले असतील तर पाहा म्हणून. घरातल्या पेट्या, वह्या, आईच्या उशीखालचे सारे पाहून झाले होते.

“भाऊ, दादानं तुमच्याजवळ काई कागद ठेवला होता का?”

मी म्हणालो, “नाई.”

ते खरे होते. माझ्याजवळ कागद नव्हता. अर्जात अशा खऱ्याला मी नेहमी जागा देतो. पक्षकाराला वाचवणारे खरे.

तिने संगणक उघडून मला दाखवले. “पाहा ना भाऊ, आता काई मागितलं का हे असं येते.” पडद्यावर माझी वाक्ये होती. तीन ओळी, माझ्या शिस्तीच्या. ‘आपण पॅकेजांची यादी मागितली आहे. यादीवरील सहीची मुदत संपली आहे.’ आणि तिसरी ओळ: ‘कृपया यादीच्या राखणदारास विचारावे.’

कृपया. तू ते ठेवले होतेस. मला न सांगता, कबूल न म्हणता, सगळीकडे ठेवले होतेस. आणि आता न जाणो कोणकोणत्या गावांत, कोणकोणत्या खोल्यांत अडलेली माणसे माझ्या अक्षरांतून अदबीने तुझ्याकडे पाठवली जात आहेत.

मी तुझ्या सोबत्यांना अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातील उत्तम मसुद्यांपैकी तो एक. सुनीताने त्याचे इंग्रजी केले. मी लिहिले की राखणदाराच्या दीर्घ सेवेचा विचार होऊन त्याची सही कायम ठेवण्यात यावी. त्यांनी फार सौजन्याने उत्तर दिले. तसा अधिकार कोणालाच नाही. तो कोणाला नसावा म्हणूनच तू ही व्यवस्था अशी बांधलीस, आणि तोच तिचा गुण आहे. महिनाअखेर ते नवी यादी, नव्या चावीने, नव्या राखणदाराच्या नावे सुरू करतील. तुझी सारी पॅकेजे तिकडे नेतील. एकही वाया जाणार नाही. तुझी जुनी यादी मात्र कोणी वापरू नये, अशी सूचना सगळ्यांना देतील.

म्हणजे तुझे काम राहील, तुझी सही जाईल. माझ्या पेशात सही नसलेल्या कामाला काय म्हणतात हे तुला ठाऊक आहे. नुसता कागद.

त्या बारा शब्दांपैकी तीन मला आठवतात. रिव्हर, स्पून, विंटर. नदी, चमचा, हिवाळा. कितवे होते तेही आठवत नाही. रोज सकाळी टेबल मांडताना मी डोळे मिटून तो कागद उलटतो. पेन्सिलीचा करडा रंग दिसतो, तुझी तिरकी अक्षरे दिसतात आणि शब्द येत नाहीत. सुनीताला मी विचारले, चारपाच शब्द असले तर भागते का? ती म्हणाली, “नाई भाऊ, बाराच्या बारा लागतात, त्याच क्रमानं. काहून?” मी म्हणालो, “उगाच.”

काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. गच्चीवरच्या खोलीत ती तुझ्या तारा गुंडाळत होती. “बसा भाऊ, चहा ठेवते.”

“आधी आईक,” मी म्हणालो. “पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण हाये. वाचून दाखवाचं राह्यलं.”

ती तारेचा गुंडा मांडीवर घेऊन बसली. मी उभ्यानेच वाचले, जसे टेबलाशी वाचतो तसे. तू लिहिलेले सारे वाचले. बारा शब्दांचे वाक्य वाचले. मग त्याखाली मी जोडलेला परिच्छेद वाचला: ‘असा कागद या यादीच्या राखणदाराने बालाघाट येथील आपल्या मित्राच्या, म्हणजे हे लिहिणाऱ्याच्या, हाती दिला. त्याने पुढची बाजू उतरवली. मागची बाजू त्यास समजली नाही, आणि समजली नाही हे त्याने कोणास विचारले नाही. वाचून दाखवण्यापूर्वी कागद फाडून जाळला. पुढे राखणदाराच्या बहिणीने विचारले असता त्याने नाही असे सांगितले.’

खाली शेजाऱ्यांची पाण्याची मोटार चालू होती. ती बंद झाली तेव्हा सुनीताने मांडीवरचा गुंडा बाजूला ठेवला. ती माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे पाहत होती.

“वाचा ना पुढं,” ती म्हणाली.

“पुढं नाई.”

“काय मागितलं थे झालं. काय कमी हाये थेही झालं.” तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरे झाले असते. “आन् तिसरी ओळ, भाऊ? दादा म्हणे का मुन्शीची तिसरी ओळ कवाच चुकत नाई.”

माझ्याजवळ तिसरी ओळ नव्हती. कोठे मिळेल हे सांगण्यासाठी ते कोठेतरी असावे लागते. मी कागद घडी करून खिशात ठेवला. तिने चहा ठेवला, मला दिला. स्वतःचा कप तिने खिडकीत ठेवला आणि तो तिथेच थंड झाला. मी जिना उतरत असताना ती मागून म्हणाली, “थे प्रकरण तसंच छापाचं. एक शब्द काढाचा नाई.” ही क्षमा होती की शिक्षा, हे मी विचारले नाही. दोन्हीसाठी अर्ज करता येत नाही.

सिद्धा, तू माझ्या अर्धवट शिक्षणावर भरवसा ठेवलास. जे तुझ्या शिकलेल्या सोबत्यांकडे ठेवता आले असते ते तू माझ्या टेबलावर ठेवलेस. हे माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे आणि मी ते वाचण्यापूर्वी जाळले. त्याबद्दल आभार मानावेत की माफी मागावी, हे ठरत नाही. दोन्ही एकाच ओळीत येतात आणि एकमेकांना खोडतात.

हा लेख आता पक्का झाला. शेजारी त्याचा कच्चा मसुदा पडला आहे, सात पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. चहावाला भट्टी विझवण्याआधी दोनदा माझ्याकडे पाहून गेला. उस्तादांचा नियम आहे की कच्चा रात्रभर टेबलावर राहू नये. पण त्याआधीचा नियम असा की ज्याचा कागद आहे त्यास वाचून दाखवावा, त्याने कबूल म्हणावे, मगच फाडावा.

मी वाचून दाखवला. बाकावर कोणी नव्हते. सातही पाने आज टेबलावरच राहतील.